पाटवाल्या काकांची टाकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगणं सगळ्यात सोपं, पण त्यालाही नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मी एकदा पटवून दिलं की त्याला नीट आठवत नाही. त्याला नीट आठवत होतं.

तो माणूस म्हणजे श्रीरामपुरातले माझे घरमालक. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना पाटवाले काका म्हणायची. मी तिथल्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायचो आणि बायको जामखेडला झेडपीच्या शाळेत. त्यामुळे आठवडाभर मी काकांच्या मागच्या खोलीत आणि शनिवारी दुपारी नगरमार्गे जामखेडच्या गाडीत. कालव्याला ठरलेल्या वेळी पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला टेल. सोमवारी मी परत आलो की काका ओट्यावरूनच हाक मारायचे, "काय प्राध्यापक, झालं का आवर्तन? टेलला पोचलं का पानी?" समोरच्या किराणावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मी लाजायचो आणि ते खूश व्हायचे.

कुणाच्याही घरी गेले की काका बसायच्या आधी कान द्यायचे. बोलणं ऐकायला नव्हे, नळ ऐकायला. एका साखरपुड्यात जेवणाचं ताट तसंच ठेवून ते मांडवामागे गेले आणि ड्रमची तोटी आवळून आले. यजमान ओशाळले. काका म्हणाले, "तुमचं चालू द्या. मुलगी चांगली हाय. तोटी गळकी हुती." चर्चमध्ये ते कायम शेवटच्या बाकावर. पावसाळ्यात छत एका ठिकाणी ठिबकायचं. एकदा भर प्रवचनात ते बाहेर गेले, बादली घेऊन आले आणि मधल्या वाटेत ठेवली. थेंबाचा आवाज टप्‌ टप्‌ सुरू झाला. पाळक थांबले. म्हणाले, "काका, देवाचं वचन चाललंय." काका म्हणाले, "चालू द्या की. तुमी वचन बघा, मी पानी बघतो." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या आठवड्यात छताला डांबर लागलं.

नोकरीत त्यांनी इतकं लिहिलं होतं की निवृत्त झाल्यावर लिहिणं सोडूनच दिलं. घरात कॅलेंडरवरसुद्धा दुधाची खूण नाही. "कागदावर ठिवलं की डोकं सुट्टीवर जातं," असं म्हणायचे. आणि त्यांचं डोकं खरोखरच सुट्टीवर जात नव्हतं. बाजारात कुणी पिकल्या मिशांचा माणूस पाया पडून विचारायचा, "साहेब, वळखलं का?" काका क्षणभर बघायचे. "पाचव्या चारीचा शेवटचा. तुझं पानी रातीचं यायचं आन्‌ तू बांधावर झोपायचास. मोसंबी हाय का गेली?" चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे निघणारा छोटा फाटा. तिच्यावरचा प्रत्येक शेतकरी, त्याची पाळी, त्याच्या बांधाचं भोक, सगळं त्यांना पाठ. या पाठ असण्यावर ते चालत होते, जसं दुसरं कुणी काठीवर चालतं.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, पुण्यात एका दवाखान्यात मेट्रन. तिला मी ताई म्हणायचो. ताई दर महिन्याला यायची, घर धुवून काढायची आणि जाताना एकच वाक्य म्हणायची, "पप्पा, आता माझ्याकडं चला." एकदा ती आलेली असताना काकांनी गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन गॅस विझला होता. तेव्हापासून ते वाक्य वाढलं: "पप्पा, तुम्ही विसरायला लागलात." काका चिडायचे. "इसरलो न्हाई. शेजाऱ्याचा नळ चालू राहिला हुता, त्यो बंद करायला गेलो."

"तेच ते, पप्पा."

"ते येगळं!"

बापलेकीच्या या भांडणातून टाकी निघाली.

काकांना मासे पाळायचे होते. काचेच्या पेटीतले रंगीत मासे त्यांना पटत नसत. "त्या शोकेसमधल्या साड्या," म्हणायचे. त्यांना हवी होती मरळ. काळपट, जाड, आपल्याच पाण्यातली. मरळ अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते. काका यावर फिदा होते. "पान्यात राहून पान्यावर इस्वास न्हाई तिचा. आमच्या खात्यातलीच हाय." मरळीला जागा लागते, म्हणून टाकी मोठी, एवढी मोठी काचेची परवडेना, म्हणून प्लायवूडची, पुढच्या बाजूला तेवढी काच. प्लायवूडमध्ये पाणी! ताईने कपाळावर हात मारला. "पप्पा, पंधरा दिवसांत फुगून हॉलमध्ये पूर येईल."

काका म्हणाले, "येऊ दे. नाताळला तू येशील, तेव्हा टाकी भरलेली आसंल. एक थेंब जरी खाली दिसला, तर मी गुमान पिशवी भरून तुझ्यासंगं येतो. आन्‌ न्हाई दिसला, तर पुन्यात येण्याचं नाव काढायचं न्हाई. हे प्राध्यापक साक्षीला."

ताई माझ्याकडे बघून हसली. "सर, तुम्ही यांना चढवू नका हं." पण तिने हो म्हटलं. म्हणजे टाकीत नुसतं पाणी राहणार नव्हतं, काकांचं श्रीरामपूर राहणार होतं. हे मला त्या दिवशीच माहीत होतं. नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

सुताराने प्लाय कापून दिला, सरस लावून स्क्रू मारले, आणि तयार झालेल्या लांबट पेटीकडे बघत मान हलवली. "काका, खरं सांगा, हे कपाट हाय का शवपेटी?"

"शवपेटीला काच लावतं का कोन, येड्या?"

"म्हटलं तुमचं काय सांगावं. आतून बी नळ ऐकाल."

नंतरचं काम आम्हा दोघांचं. लाकडाला आतून फायबर चढवायचं. काचेच्या तंतूंची जाडसर चादर येते, तिला मॅट म्हणतात. ती अंथरायची आणि ब्रशने वरून रेझिन पाजायचं. रेझिन मधासारखं दिसतं आणि वास असा की डोळे चुरचुरतात. त्यात थोडं हार्डनर टाकावं लागतं. ते पडलं की थोड्याच वेळात रेझिन तापतं, आळतं आणि दगड होतं. नाही पडलं तर ते कधीच आळत नाही. चिकट, ओलं, तसंच राहतं. सगळी कला थोडं थोडं कालवण्यात, कारण जास्त कालवलं तर डब्यातच दगड. काकांनी ही विद्या कूलर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याकडून शिकून घेतली होती आणि येताना एक जळलेला ब्रश बक्षीस आणला होता.

एकाने कालवायचं, दुसऱ्याने लावायचं. लावणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "हार्डनर?" कालवणाऱ्याने ओरडायचं, "घातलं!" तेव्हाच ब्रश बुडवायचा. ही रीत काकांनी कालव्यावरून आणलेली. तिथे दार उघडणारा पाटकरी एका टोकाला आणि हे दुसऱ्या टोकाला असत. हे हाक देत, "दार?" पलीकडून उत्तर येई, "उघडलं!" मग हे पुढे जात. "कागद भिजतो, प्राध्यापक. हाक भिजत न्हाई."

टाकी आडवी पाडून आम्ही एकेक बाजू करायचो. कोपरे मात्र काकांचे. "पानी भिंतीतनं न्हाई पळत, कोपऱ्यातनं पळतं. मानसासारखं." अंगाला फडकं गुंडाळून, पोटावर पडून ते आत शिरायचे आणि तिथून त्यांचा आवाज घुमत यायचा. थकले की अदलाबदल: मी आत, ते डब्यापाशी. संध्याकाळी दोघांच्या हातांना काचेची खाज सुटायची. खोबरेल चोळत ओट्यावर बसायचो. काका म्हणायचे, "खात्यात असताना मी सिमेंट प्यायलेले कालवे बघितलेत. हे बगा, आपन रेझिन पाजलेलं लाकूड. कोन जास्त टिकतंय बगू." इतका निवांत वेळ मला त्या गावात दुसऱ्या कुणाबरोबर मिळाला नाही.

एका शनिवारी सकाळी मागचा डावा कोपरा राहिला होता. काका आत, मी डब्यापाशी. मला दुपारची गाडी गाठायची होती. बायकोचा फोन आला, तिच्या बदलीच्या अर्जाचं काहीतरी. खांद्यात मोबाईल धरून मी रेझिन ओतलं आणि काडीने ढवळत राहिलो. आतून आवाज आला, "हार्डनर?" मी म्हटलं, "घातलं!" तोंडाने म्हटलं. इतक्या वेळा म्हटलं होतं की म्हणायला मन लागलंच नाही. बाटलीचं झाकणही उघडलं नव्हतं. डबा मी आत दिला, फोन संपवला, हात थिनरने पुसले आणि स्टँडवर गेलो. त्या वेळी मला खरंच कळलं नव्हतं. एवढं माझ्या बाजूने.

सोमवारी आलो तर काकांची कंबर धरली होती. पलंगावरूनच म्हणाले, "सगळीकडं अंगठा दाबून या. कुठं मऊ लागतंय का बगा." मी वाकून आत गेलो. सगळं कडक. डाव्या कोपऱ्यात अंगठा आत गेला आणि बाहेर आला तो चिकट तार ओढत. तेव्हा मला फोन आठवला, काडी आठवली, बंद झाकण आठवलं.

उपाय सरळ होता. तेवढा भाग खरवडून काढायचा, पुसायचा, पुन्हा करायचा. दोन दिवसांचं घाणेरडं काम. आणि काकांना सांगावं लागलं असतं. त्यांनी आयुष्यभर ज्या हाकेवर भरवसा ठेवला, ती मी खोटी दिली होती. ते रागावले नसते. ओट्यावर बसून महिनाभर थट्टा केली असती, किराणावाल्यालाही सांगितलं असतं. मला तेवढंही नको होतं. मी बाहेर येऊन म्हणालो, "सगळं दगड आहे, काका." आणि त्या ओल्या कोपऱ्यावर नव्या रेझिनने आणखी एक मॅट चढवली. या वेळी हार्डनर घालून.

"काय करताय?" त्यांनी पलंगावरून विचारलं.

"कोपऱ्याला एक जादा थर देतो."

"शाब्बास! खात्यात हवे हुते तुमी." त्या रात्री फोनवर त्यांनी ताईला हे सांगितलेलं मी भिंतीपलीकडून ऐकलं. "प्राध्यापक माझ्यापेक्षा बारकाईनं करतोय."

वर निळा रंग दिला, काच बसवली, टाकी हॉलमध्ये लाकडी चौथऱ्यावर चढवली. पाणी भरलं. आठवडा गेला, दुसरा गेला, एक थेंब नाही. काका रोज सकाळी खाली वर्तमानपत्र अंथरायचे आणि संध्याकाळी ते कोरडं उचलून माझ्यापुढे नाचवायचे. "वाचा प्राध्यापक, बातमी हाय का कुठं?" मलाही वाटायला लागलं की निभावलं. प्रवरासंगमाकडच्या मासे धरणाऱ्या एका भोयाने ड्रममधून मरळी आणून दिल्या. काका काचेसमोर खुर्ची टाकून बसायचे. मासा वर येऊन घोट घ्यायचा आणि ते खुर्चीतून मान डोलवायचे, जुन्या सहकाऱ्याला बघून डोलवावी तशी.

नाताळला सुट्टी असूनही मी जामखेडला दुपारनंतर जायचं ठरवलं. काकांचा हट्टच होता. घरात ताईने केलेल्या करंज्या, चकल्या. गल्लीतली माणसं येत-जात होती, फराळ घेत होती, काचेला नाक लावत होती. सुतारसुद्धा आला आणि म्हणाला, "काका, शवपेटीत जीव घातला तुमी!" ताई माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "सर, हरले मी. बरं झालं हरले. इथंच बरे आहेत ते."

तिच्या बोलण्यानंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण फार नाही. कुणाचं तरी पोर म्हणालं, "काका, इथं ओलं हाय."

मागच्या डाव्या कोपऱ्याखाली चौथऱ्याचं लाकूड काळं झालं होतं. बाहेरून प्लाय फुगून त्याचे थर सुटले होते. काका गुडघ्यावर बसले, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. माणसं पांगली. मासे ड्रममध्ये काढले, पाणी उपसलं, आणि काकांनी पटाशी घेऊन तो कोपरा सोलला. वरचा निळा थर चांगल्या पापुद्र्यासारखा उचलला गेला. त्याखाली मॅट ओली होती, मधासारखी. कच्च्या रेझिनचा वास हॉलभर झाला, करंज्यांच्या वासात मिसळला.

"हार्डनर न्हाई ह्यात," काका म्हणाले. शांतपणे. मग माझ्याकडे वळले. आरोप नव्हता त्या नजरेत. हिशेब जुळवणाऱ्या माणसाची नजर होती ती. "शनिवार हुता. तुमाला गाडी हुती. मी आत हुतो, तुमी डब्यापाशी. मी इचारलं, तुमी घातलं म्हनालात. बराबर ना, प्राध्यापक?"

ताई उभी होती. हातात पुसायचं फडकं होतं तिच्या. ती बापाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि उत्तर काहीही आलं तरी ते खरं मानणार होती.

मी म्हणालो, "नाही काका. त्या कोपऱ्याला आत मी होतो. कालवलं होतं तुम्ही."

काकांनी पटाशी खाली ठेवली. डोळे बारीक करून त्यांनी जणू तो शनिवार पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिला. मी पाहत होतो त्यांना पाहताना. आताही मी म्हणू शकलो असतो, थांबा, माझी चूक झाली. ते वाट पाहत होते असंसुद्धा मला नंतर पुष्कळदा वाटलं.

"व्हय का?" ते म्हणाले. आणि मग अजून हळू, "मला आसं वाटत हुतं, मी आत हुतो."

"होतं असं, पप्पा," ताई म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात विजय नव्हता. माया होती. तेच वाईट होतं.

दुपारच्या गाडीने मी जामखेडला गेलो. परतलो तेव्हा मरळी त्या भोयाच्या ड्रममधून नदीला परत गेल्या होत्या आणि टाकी अंगणात उन्हात उभी होती. काका तिला नीट करू शकले असते. मी म्हटलंही, पुन्हा करू. ते म्हणाले, "नको. आता मला डबा हातात घ्यायची भीती वाटती." त्या दिवसांत त्यांनी मला कितीदा तरी विचारलं, "कुलूप लावलं ना मी?" "भाडं दिलंत ना तुमी ह्या महिन्याचं? का मलाच आठवंना?" दिलं होतं, आणि त्यांनी मोजून खिशात ठेवलं होतं, आणि त्यांना आठवत होतं. फक्त आठवण्यावरचा त्यांचा भरवसा मी काढून घेतला होता. बाजारात एक शेतकरी पाया पडून म्हणाला, "साहेब, वळखलं का?" काका त्याच्याकडे बघत राहिले. मला त्यांच्या ओठांवर नाव आलेलं दिसलं. पण ते म्हणाले, "तूच सांग बाबा."

जानेवारीच्या अखेरीला ते पिशवी भरून ताईबरोबर गेले. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

पुढे माझीच बदली जामखेडला झाली. बायको म्हणायची, त्या काकांना भेटून या एकदा. मी टाळत होतो. गेल्या वर्षी पुण्यात पेपर तपासायला गेलो तेव्हा गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वच्छ, हवेशीर. काका खुर्चीत. अंगात कपडे इस्त्रीचे, गालावर गुळगुळीत दाढी. मला पाहून चेहरा उजळला. म्हणाले, "या प्राध्यापक. वहिनी जामखेडला झेडपीच्या शाळेत हुत्या, न्हाई का? आन्‌ तुमच्या थोरल्या पोराचं डिप्लोमाचं दुसरं वर्ष आसंल." सगळं बरोबर. एकूण एक बरोबर. आणि लगेच ते ताईकडे वळले. "बराबर हाय ना, बाई? ह्येच ना ते?"

"बरोबर पप्पा, तेच सर," ताई म्हणाली. मला दाराशी सोडायला आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "काही काही दिवस एकदम लख्ख असतात बघा. डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने काहीच नाही. पण त्या टाकीनंतर मी काही रिस्क घेत नाही. गॅस, औषध, पैसे, सगळं माझ्याकडं. तुम्ही होतात म्हणून कळलं तरी वेळेवर."

मी जिना उतरून खाली आलो.

टाकी गळली, त्याबद्दल मी स्वतःला माफ केलं आहे, हात चुकतो. ओल्यावर दुसरा थर चढवला, तोही भित्र्या माणसाचा उद्योग, समजण्यासारखा. काकांची माणूस म्हणून जी काही मालमत्ता होती, ती मी एका वाक्यात दुसऱ्याच्या ताब्यात दिली, याला मला शब्द नाही. बायको हे वाचेल तेव्हा तिला कळेल. लिहून ते फिटत नाही, हे मला माहीत आहे.

काका हयात आहेत. मला पुण्याला जाऊन त्यांना सांगायचं आहे की त्या शनिवारी ते आत होते, मी डब्यापाशी होतो, आणि हार्डनर मी घातलं नव्हतं. ते ताईसमोर सांगायचं आहे, कारण खोटं मी तिच्यासमोर बोललो. एवढं देणं माझ्याकडे आहे आणि अजून मी ते दिलेलं नाही.